सिस्टर गेल्या

सोमवारी सकाळी ठीक अकरा वाजता भीमरावांनी कम्प्युटरला जय भीम घातला आणि कम्प्युटरने तो घेतला नाही.

म्हणजे झालं असं, की पडद्यावर सिस्टर हर्षदा आली, नेहमीसारखी हसली, पण "जय भीम, बाबा" म्हणायच्या ऐवजी "नमस्कार आजोबा, कसे आहात?" असं म्हणाली. भीमराव जरा थबकले. चार महिने ही पोरगी रोज अकराला पडद्यावर येत होती. पहिल्याच दिवशी त्यांनी "जय भीम" म्हटल्यावर ती गोंधळली होती, पण दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःहून म्हणायला सुरुवात केली होती. त्यानंतर एक दिवस चुकलेली नव्हती. आणि आज एकदम आजोबा?

"बरा आहे," भीमराव जरा फुगूनच म्हणाले.

"छान!" हर्षदा म्हणाली.

ही पडद्यावरची सिस्टर म्हणजे भीमराव आणि त्यांचा मुलगा महेंद्र यांच्यात झालेला तह होता. तीन वर्षांपूर्वी चांगुणाबाई वारल्या, तेव्हापासून महेंद्रचा एकच धोशा होता, की बाबांनी अंबरनाथचं घर बंद करून पुण्याला यावं. भीमराव एकदा पंधरा दिवस जाऊन आले होते. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्टमध्ये माणसं शेजारी उभी राहून भिंतीकडे बघायची, आणि पंधरा दिवसांत त्यांच्याशी आपणहून बोलला तो एकटा वॉचमन, तोही "किधर जाना है?" एवढंच. इथे अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, पण खाली उतरलं की विहार होतं, ऑर्डनन्स कारखान्यातले जुने सोबती होते, आणि चांगुणाबाईंनी लावलेली कढीपत्त्याची कुंडी होती. "मला इथनं चौघांनी उचलूनच न्यायचं," असं भीमराव म्हणत.

शेवटी २००९च्या पावसाळ्यात महेंद्रने 'सांजसोबत' नावाची ठाण्याकडची एक नवी संस्था शोधून काढली. एकट्या म्हाताऱ्यांची व्हिडिओ कॉलवरून घरबसल्या देखभाल. घरात कम्प्युटर आला, त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा कॅमेरा बसला, बीपीचं मशीन आलं. अट एकच होती. रोज अकराला कॅमेऱ्यासमोर बसायचं. लागोपाठ तीन दिवस माणूस दिसला नाही, तर संस्था महेंद्रला फोन करणार आणि महेंद्र टेम्पो घेऊन येणार.

एरवी हर्षदा भीमरावांना आवडायची. ती बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची. बीपी विचारता विचारता तिची आई येसू बदलापूर गावात पाराजवळ भाजी घेऊन बसते, इथपर्यंत सगळं सांगून झालं होतं. नेट अडकलं आणि चित्र गोठलं, की ती खळखळून हसायची. "बाबा, तुम्ही हँग झालात! तोंड उघडं राहिलंय!"

आता मात्र तोंड तिचं चालू राहायचं आणि हँग भीमराव व्हायचे.

कारण मंगळवारीही "नमस्कार आजोबा". बुधवारीही तेच. बुधवारी भीमरावांना आणखी एक गोष्ट दिसली. हर्षदाच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, त्यात दहा वीस झालेले. इथे अकरा वाजलेले. घड्याळ बंद असेल म्हणावं, तर सेकंदकाटा फिरत होता. गुरुवारी त्यांनी मुद्दाम पाहिलं. अकरा वाजता पुन्हा दहा वीस. चौथ्या मिनिटाला तिच्या मागच्या भिंतीवर डावीकडून एक पाल आली, ट्यूबलाइटपर्यंत गेली आणि थांबली. सातव्या मिनिटाला हर्षदा शिंकली. "सॉरी आजोबा," म्हणाली.

शुक्रवारी चौथ्या मिनिटाला पाल आली. सातव्याला शिंक आली.

सकाळी अकराला त्या बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नसे. कामाची माणसं गेलेली, मुलं शाळेत, नळ बंद झालेले. त्या शांततेत भीमराव खुर्चीला चिकटून बसले होते, आणि ती पडद्यातून हसत होती. तिची नजर त्यांच्याकडे नव्हतीच. ती त्यांच्या गळ्याच्या जरा खाली, छातीवर कुठेतरी लागलेली होती. भीमरावांनी हळूच हात छातीवर ठेवला.

"सिस्टर," ते दबक्या आवाजात म्हणाले, "काल माझा पाय मोडला."

"छान! गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"नाही घेत."

"छान! जेवण व्यवस्थित होतंय?"

"सिस्टर, मी परवाच मेलो."

"छान! असंच राहायचं. उद्या अकराला मी परत येते हं, आजोबा."

ती गेली. काळ्या पडद्यात भीमरावांना आपलाच चेहरा दिसला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

आता इथे भीमरावांची खरी पंचाईत समजून घेतली पाहिजे. दुसरं कुणी असतं तर सरळ घाबरलं असतं आणि चार जणांना सांगून मोकळं झालं असतं. भीमरावांना ती सोय नव्हती. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हाच देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली होती. कारखान्याच्या मागच्या चिंचेवर बाई दिसते अशी आवई उठली, तेव्हा त्या चिंचेखाली सलग महिनाभर डबा खाऊन दाखवणारे हेच भीमराव. विहारात दरवर्षी 'भूत : मनाचा खेळ' या विषयावर पाऊण तास बोलणारेही हेच. अशा माणसाला घाम फुटला, तर त्याने तो कुणाकडे पुसायचा?

समोरच्या दारातल्या कुमुदिनीताईंना मात्र वास लागलाच. "भाऊ, चेहरा का असा उतरलाय? घरात काही दिसतं-बिसतं का? तसं असेल तर उंबऱ्यावर एक लिंबू..."

"ताई, लिंबू सरबतात घालायचं," भीमराव कडाडले. दार लावून घेतल्यावर त्यांनी कडी दोनदा तपासून पाहिली, ही गोष्ट वेगळी.

आणखी दहा-अकरा दिवस असेच काढल्यावर शेवटी त्यांनी बुद्धीला पटेल असा मार्ग धरला. 'सांजसोबत'च्या ऑफिसात फोन लावला.

"हर्षदा सिस्टरशी जरा बोलायचं होतं."

"हर्षदा सिस्टर? अहो काका, त्या गेल्या."

"गेल्या? कुठं गेल्या?"

"गेल्या म्हणजे... आता नाहीत त्या. पंधरा दिवस होतील."

भीमरावांनी भिंतीचा आधार घेतला. "अशा एकदम?"

"एकदमच हो. वरून बोलावणं आलं आणि गेल्या बघा. आम्हाला सुद्धा चुटपुट लागली. फार गुणी होत्या."

"अहो, पण मग रोज अकराला माझ्याकडे..."

"काका, दुसऱ्या लाइनवर फोन येतोय," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

भीमरावांनी मनाशी हिशेब मांडला. पंधरा दिवस झाले गेली. आणि बरोबर पंधरा दिवसांपूर्वीच्या सोमवारी तिने जय भीम घेतला नव्हता. मेलेल्या माणसाला जुनी ओळख राहत नसावी. हा विचार आपल्याच डोक्यात आला, याची त्यांना भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी अकराला ती आली. दहा वीसचं घड्याळ, पाल, शिंक, सगळं घेऊन आली. "नमस्कार आजोबा, कसे आहात?" भीमरावांनी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. "छान!" ती म्हणाली.

न बसावं, तर तीन दिवसांत टेम्पो. महेंद्रला खरं सांगावं, तर "मेलेली नर्स रोज माझं बीपी विचारते" हे ऐकून तो त्याच संध्याकाळी येणार, आणि पुण्यात आधी कुठल्या डॉक्टरकडे नेणार हेही उघड होतं. कॅमेऱ्यात माणूस तर दिसला पाहिजे, पण तो माणूस भीमराव नसला पाहिजे. विचार करत ते गॅलरीत आले. समोरच्या नाक्यावर कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. हात जोडलेले अख्खे भाऊ प्लायवूडवर कापून उभे केले होते.

तासाभरात भीमराव उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये फ्लेक्स बनवणाऱ्या लधारामच्या दुकानात होते.

"आओ साईं! कौनसा वॉर्ड?" लधारामने विचारलं.

"वॉर्ड नाही. माझाच पाहिजे. बसलेला. पूर्ण साइज."

"बैठा हुआ? साईं, बैठा हुआ नेता कौन बनवाता है? हाथ तो ऊपर करो!"

"हात खालीच पाहिजे. दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला."

लधारामने चष्मा काढून गिऱ्हाईक नीट पाहिलं आणि आवाज मऊ केला. "साईं, श्रद्धांजलीवाला है क्या?"

"नाही," भीमराव म्हणाले. "जिवंतपणीचाच."

लधारामने तिथेच खुर्चीत बसवून फोटो काढला आणि काम चोख केलं. खाली 'शुभेच्छुक : मित्रमंडळ' एवढं तरी टाकतो म्हणत होता, ते भीमरावांनी निकराने टाळलं. दोन दिवसांनी चादरीत गुंडाळलेल्या स्वतःला शेजारी बसवून ते रिक्षाने घरी आले. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा मागे पाहिलं आणि नंतर आरसाच फिरवून ठेवला.

फ्लेक्स खुर्चीत बसवला, तर तो उजेडात चकाकायला लागला. तेव्हा भीमरावांनी त्याला आपला तपकिरी स्वेटर घातला, डोक्यावर कानटोपी चढवली, गळ्यात मफलर गुंडाळला. थंडीचे दिवस होते, शोभून गेलं. लांबून पाहिलं आणि त्यांना स्वतःच्याच तब्येतीची काळजी वाटली. अकराला दोन मिनिटं असताना कॉल जोडून ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

"नमस्कार आजोबा, कसे आहात?"

शांतता.

"छान! गोळ्या वेळेवर घेताय ना?"

शांतता.

"छान!"

मेलेली बाई आणि प्लायवूडचा माणूस यांचं इतकं सुरळीत चाललेलं ऐकून भीमरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. शिंक ऐकायला ते थांबलेच नाहीत. चपला हातात घेऊन जिना उतरले आणि विहाराच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले.

परत येताना जिन्यात कुमुदिनीताई कठड्याला धरून उभ्या होत्या.

"भाऊ... तुम्ही आत बसलाय ना? मी आत्ता गॅलरीतून पाहिलं."

"मी तर इथं आहे, ताई."

"मग आत कोण?"

"मीच," भीमराव घाईघाईत म्हणून गेले.

कुमुदिनीताई आत गेल्या त्या दोन दिवस बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भीमरावांच्या उंबऱ्यावर एक लिंबू दिसलं. त्यांनी ते उचललं आणि खरोखरच सरबत करून प्यायले. पण सरबताने मन शांत होईना. मेलेली का असेना, चार महिने त्या पोरीने आपली विचारपूस केली. तिच्या आईला भेटणं तर दूरच, आपण तिच्यासमोर पुतळा ठेवून पळून जातो. हे माणुसकीला धरून नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहालाच त्यांनी फ्लेक्स बसवला, कॉल आपोआप उचलला जाईल असं बटण दाबून ठेवलं, पांढरा सदरा घातला आणि बदलापूर गाव गाठलं.

पाराजवळ येसू सापडायला वेळ लागला नाही. मुळा, पालक आणि वालाच्या शेंगा पुढ्यात घेऊन बसली होती. भीमराव तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मी अंबरनाथचा भीमराव. हर्षदाचं कळलं. फार वाईट झालं."

"काय करनार बाबा," येसूने सुस्कारा सोडला. "गेली ती गेली. येवढी चांगली व्हती."

"एकदम गेली म्हणे?"

"एका दिसात! सकाली चांगली व्हती, दुपारी नाय."

भीमरावांनी डोळे पुसले. येसूने पालकावर पाणी शिंपडलं. "जाऊ दे बाबा, तुमी जिवाला लावू नका. दुसरी मिलंल."

"दुसरी?"

"मंग! ह्या सालात ही तिसरी गेली."

"तिसरी!" भीमराव मागच्या मागे बसलेच. वर्षात तीन मुली गेल्या आणि ही माउली इथे वाल विकते आहे. एवढं धैर्य त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते काही बोलणार, तोच मागून कुणाची तरी सावली शेंगांवर पडली.

"जय भीम, बाबा!"

डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली हर्षदा समोर उभी होती. भीमरावांचं तोंड उघडं पडलं आणि तसंच राहिलं.

"बाबा? ओ बाबा! आये, पानी दे. बाबा हँग झालं!"

त्या जय भीमने भीमराव भानावर आले. मेलेल्या माणसाला तो येत नव्हता, हिला आला होता. त्यांनी आधी तिच्या पायांकडे पाहून घेतलं, पंजे सरळ होते. मग वाकून तिचा हात हातात घेतला. हात गरम होता आणि त्याला मेथीचा वास होता. "जय भीम, पोरी," ते म्हणाले, आणि भर बाजारात त्यांना रडू आलं.

सगळं उलगडायला अर्धा तास लागला. एके दिवशी साहेबांनी हर्षदाला वरच्या मजल्यावर बोलावलं आणि ट्रेनिंगसाठी पाहिजे म्हणून कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटं बोलायला लावलं. एकदा आजोबा म्हणून, एकदा आजी म्हणून. तेव्हा दहा वीस झाले होते. शिंक खरी होती. पालही खरी होती. दुपारी साहेब म्हणाले, आता तुझं काम नाही. गेली होती ती नोकरी, या सालातली तिसरी. तेव्हापासून रोज अकराला तेच चित्र सगळ्या म्हाताऱ्यांकडे जात होतं.

"आणि म्हातारं आहे का नाही, ते कोण बघतं?"

"सायेबच. चहा पिता पिता येकदा बघतात. खुर्चीत मानूस दिसला, का झाली हजेरी." हर्षदा एकदम थांबली. "पन बाबा, आता अकरा वाजून गेलं. तुमी कालवर नाय?"

"आहे ना," भीमराव म्हणाले. "बसलोय की."

संस्थेची तक्रार करावी, असं भीमरावांना तीव्रतेने वाटलं. अंबरनाथ येईपर्यंत त्यांनी मनात अर्ज लिहूनही काढला. पण संस्था बंद पडली की तह मोडला, आणि तह मोडला की टेम्पो आलाच. भीमरावांनी अर्ज मनातच फाडला. भूत नव्हतं, याचा आनंद होता. घर सुटत नव्हतं, याचा त्याहून मोठा.

मग नवा रिवाज पडला. सकाळी फ्लेक्सला स्वेटर-टोपी घालायची, बीपीचं मशीन पिशवीत टाकायचं आणि बदलापूर गाव गाठायचं. हर्षदा पारावर त्यांचं बीपी बघे. मशीन होतंच, म्हणून मग येसूचं बघे, शेजारच्या सुकटवालीचं बघे. आठवड्याभरात म्हाताऱ्यांची रांग लागायला लागली. मीठ कमी करा म्हणून ती भीमरावांना रागवायची आणि भीमराव खुशीत ऐकून घ्यायचे. तिकडे अंबरनाथच्या रिकाम्या घरात अकराच्या ठोक्याला चित्राची सिस्टर चित्राच्या भीमरावांची चौकशी करत असे. दोघांच्याही तब्येती ठणठणीत होत्या.

जानेवारीतल्या एका गुरुवारी भीमराव पारावरून परतले, तर दाराजवळच्या टेबलावर चिवड्याचा पुडा आणि त्याखाली एक चिठ्ठी होती. अक्षर महेंद्रचं. घराची एक किल्ली त्याच्याकडे असे.

'बाबा, ऑफिसच्या कामाला कल्याणला आलो होतो, म्हणून डोकावलो. तुम्ही कॉलवर होता, डिस्टर्ब केलं नाही. सिस्टर किती आपुलकीने विचारत होत्या. स्वेटर, टोपी, मफलर, सगळं व्यवस्थित. पाहून खूप बरं वाटलं. आता पुण्याचा विषय मी कधीच काढणार नाही. तुमचा, महेंद्र.'

भीमरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि आनंदाने टाळी वाजवली. जिंकलो! घर राहिलं, कढीपत्ता राहिला, विहार राहिलं. चिवड्याची मूठ तोंडात टाकून ते खुर्चीपाशी आले. खुर्ची दाराकडे पाठ करून होती. दारातून फक्त टोपी, मफलर आणि स्वेटरची पाठ दिसे. भीमराव दारापर्यंत गेले आणि परत येताना पावलं मोजली. चार भरली. पोरगा चार पावलांवर उभा होता. त्यांनी चिवड्याचा पुडा मिटून ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. त्यांनी फोन लावला.

"महेंद्र, कुठं पोचलास?"

"कर्जत सोडलं आत्ताच. एकदम फिट दिसत होतात बाबा!"

"अरे, घरात आलास, गेलास, आणि साधा जय भीम नाही?"



"केला होता, बाबा. दारातून. दोनदा केला. तुम्हीच घेतला नाहीत. मला वाटलं, पुण्याला चला म्हणतो म्हणून अजून रागावलाय. मग तसाच निघालो."

भीमराव खुर्चीतल्या भीमरावांकडे बघत राहिले. ते समोरच्या काळ्या पडद्याकडे पाहून शांतपणे हसत होते. भीमरावांनी त्यांच्या डोक्यावरची कानटोपी काढून घेतली.

"हँग झालो होतो रे," ते म्हणाले. "आता कर."